रस्त्याला जपा

नवघरच्या आमच्या गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला. डांबरी रस्ता दर पावसाळ्यात मरतो, काँक्रीटचा तीस वर्षं जगतो, असं उद्घाटनाच्या फलकावर लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरांत अट होती: 'आयुष्य पहिल्या वापरापासून मोजले जाईल.'

"मग वापर सुरूच कशाला करायचा?" उपअभियंता निकेत सावे यांनी सोसायटीच्या सभेत विचारलं. युक्तिवाद बिनतोड होता. रस्त्याच्या दोन्ही टोकांना पत्रे ठोकले गेले. गाड्या बंद, पायी चालणंही बंद. वर मिठागरासारखे वाफे करून रोज पाणी मात्र मारलं जाई. आम्ही गटारावरच्या फळीवरून ये-जा करू लागलो, पण एकमताने पाठिंब्याचं पत्र दिलं. असा गुळगुळीत रस्ता खिडकीतून बघायलासुद्धा नशीब लागतं.

अडचण फक्त सरूबाईंची. गल्लीच्या शेवटी त्यांचं जुनं बैठं घर. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, आणि फळीवर त्यांचा पाय ठरेना. त्यांचा मुलगा बाळा रिक्षा चालवतो. ती दारापर्यंत आणू द्या, असा त्याने अर्ज केला.

"रिक्षा? तीन चाकं, आणि तिन्ही फिरती!" सावेसाहेब दचकले. "नियमात सूट फक्त अंत्ययात्रेला आहे. चार माणसं, अनवाणी, हळू चाल. काँक्रीटला त्रास नाही."

"मेल्याला रस्ता हाय नि जित्त्याला न्हाय?" सरूबाई कडाडल्या. "बाळा, बांबू आण रं!"

आणि त्या खरोखरच तिरडीवर आडव्या झाल्या. आम्ही सगळे खाली उतरलो, फुलं वाहिली. "हार नाकात जातोय," तिरडीवरून आवाज आला. आम्ही दुर्लक्ष केलं, कारण कागदपत्रं पूर्ण होती. सावेसाहेबांनी स्वतः पत्रा सरकवला आणि वहीत नोंद केली.

दहा दिवसांनी सरूबाई वॉकर टेकत परत आल्या. सावेसाहेबांनी पत्र्याशीच वही उघडली.

"परवानगी एकेरी होती, मावशी. अंत्ययात्रा परत येत नसते. तुम्ही सरूबाई असूच शकत नाही."

"ओ सेक्रेटरी!" त्यांनी मला हाक मारली. "चाळीस वर्षांची वळख हाय आपली. सांगा याला, मी जिती हाय."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण हो म्हटलं असतं तर तो वॉकर, त्याचे चार पाय, आमच्या रस्त्यावर! मी चष्मा पुसला.

"यांना कधी पाहिल्याचं आठवत नाही," मी म्हणालो. मागे उभ्या सोसायटीनेही माना हलवल्या.

तुम्ही फार हळहळू नका. तुमच्याही गल्लीचं काम मंजूर झालंय, आणि पाठिंब्याच्या पत्रावर पहिली सही तुमचीच आहे.