पायाळूचा उजवा पाय

या खेपेला डॉक्टरांचं शेवटपर्यंत ऐकायचं, असं सहादेवनं ठरवलं आणि तिथंच सगळं बिनसलं.

पारनेरच्या एका शाळेत कारकून असलेल्या सहादेवचा उजवा घोटा वर्षात चार वेळा मुरगळला होता. (चौथ्या वेळी तर सपाट फरशीवर, मुख्याध्यापिकाबाईंना नमस्कार करताना.) केडगावच्या डॉक्टरांनी घोटा इकडून तिकडं हलवून पाहिला.

"लिगामेंट पार सैल झालंय. सहा आठवडे पट्टा बांधा, रोज एका पायावर तोल धरायचा व्यायाम करा. झटका बिलकूल नको. पुन्हा मुरगळला तर ऑपरेशन!"

सहादेवला इंजेक्शनच्या नुसत्या नावानं घाम फुटायचा. पाच आठवडे तो इमानेइतबारे दात घासताना बगळ्यासारखा उभा राहिला. घोटाही शहाण्यासारखा वागू लागला.

सहाव्या आठवड्यात कोल्हारहून त्याच्या सासूबाई, लंकाबाई, आल्या. पाठीत उसण भरली होती.

आता पंचाईत अशी, की सहादेव पायाळू. जन्मताना डोक्याआधी त्याचे पाय बाहेर आले होते, आणि पायाळूनं पाठीत लाथ मारली की उसण जाते, हे अख्ख्या गावाला ठाऊक. त्यानं सरपंचांनासुद्धा लाथ मारली होती. (सरपंचांनी वर चहा पाजला होता.)

"जावईबापू, तीन लाथा हाना," लंकाबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या. "लई कळ मारतीय."

"मामी, डॉक्टर नको म्हणालेत..."

"अहो, साऱ्या गावाला लाथा मारता आणि माझ्या आईलाच नाही?" बायको, धनश्री, स्वयंपाकघरातून कडाडली.

सहादेव मनापासून घाबरला होता. (पण असा हुकूम कुठल्या जावयाच्या नशिबी येतो? आतून गुदगुल्याही होत होत्या.)

"मग डाव्या पायानं मारतो."

"डाव्या?" लंकाबाईंनी कपाळाला हात लावला. "धने, ह्ये मला डावा पाय लावत्यात! असा अपमान आजवर कुनी केला न्हाई!"

झालं. सहादेवनं पट्टा सोडून उजवा पाय उचलला. पहिली लाथ जेमतेम टेकवली.

"ही लाथ हाय का गोंजारताय?"

दुसरी जरा बरी बसली. तिसरीत मात्र त्यानं चौदा वर्षांचा संसार ओतला. पण लंकाबाईंची उसण दुसऱ्या लाथेतच पळाली होती, त्या खुशीत बाजूला झाल्या होत्या. लाथ हवेत गेली, पाय वाकडा पडला आणि घोट्यात कट्कन वाजलं.

"कसं झालं?" डॉक्टरांनी विचारलं. सगळं लंकाबाईंनीच रंगवून सांगितलं, आणि डॉक्टरांनी दाखल्यावर इजेचं कारण लिहिलं: 'सासूस लाथ मारताना.'

दाखला रजेच्या अर्जाबरोबर शाळेत गेला. मुख्याध्यापिकाबाईंचा शेरा आला: 'ऑपरेशनसाठी रजा मंजूर. मात्र सासूबाई सुखरूप असल्याचं त्यांच्याच सहीनं लेखी जोडावं.'

लंकाबाईंनी चष्मा लावून लिहून दिलं: 'मी ठणठणीत हाय. जावयाला धड लाथ बी मारता येत न्हाई.'