चाललो, तं आता खाऊ का?

सकाळी मलकापूरच्या आमच्या गल्लीत एक आरोळी उठते. दूधवाल्याची नव्हे, भाजीवाल्याचीही नव्हे. आमचे शेजारी गफूरभाई फिरून परत आलेले असतात आणि घामानं निथळत, माझं फाटक दोन्ही हातांनी धरून ओरडत असतात, "सर! आज चाललो! आता सांगा, जास्त खाऊ का कमी?"

मी शाळेत भूगोल शिकवतो. भूगोलात यावर काही नाही, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. ते ऐकत नाहीत.

गफूरभाईंचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. आयुष्यभर कापूस पिंजून तेही एखाद्या नव्या गादीसारखे चहूबाजूंनी फुगले होते. कोणी चिडवलं तर पोटावर हात फिरवून म्हणायचे, "दुकानाची जायरात हाये बे!" असा हा माणूस गेल्या दिवाळीनंतर एकाएकी पांढरे बूट घालून नांदुऱ्याच्या रस्त्यानं झपाझप चालायला लागला. का, ते कोणालाच कळेना. विचारलं तर, "वजन उतरवून राह्यलो," एवढंच.

चालण्याबद्दल त्यांना काडीची शंका नव्हती. शंका होती ती चालून आल्यानंतरच्या जेवणाबद्दल. "सर, शुक्रवारी मी चालत नाई. मंग शुक्रवारचं न् शनिवारचं जेवण सारखंच काऊन? हा अन्याय नाई का?"

हा प्रश्न त्यांनी गुरांच्या डॉक्टरला विचारला. स्टेशनवर तिकीट तपासनीसाला विचारला. बीबी गावातल्या एका लग्नात तर मुलीची पाठवणी चालू असताना रडणाऱ्या बापाला मिठी मारली आणि त्याच मिठीत विचारलं, "भाऊ, तुमी बी चालता ना रोज? त्या दिवशी जेवता किती?" तो बिचारा हुंदका गिळून म्हणाला, "दोन भाकरी." गफूरभाई परतीच्या वाटेवर मला म्हणाले, "पाहा, माणूस दुःखात खोटं बोलत नाई."

एकदा त्यांना बिनतोड मुद्दा सापडला. "सर, बैल नांगराले जुपला त्या दिवशी त्याले सरकीची ढेप जास्त टाकतात का नाई?"

"टाकतात. पण गफूरभाई, बैल वजन कमी करायला नांगर ओढत नाही."

ते फाटक धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "हाव. हे बी खरं हाये." आणि मान खाली घालून घरी गेले. दुसऱ्या दिवशी आरोळी आली ती नव्या जोमानं: "पण सर, घोडा?"

अखेर त्यांनी स्वतःच प्रयोग करायचं ठरवलं. पहिला प्रयोग जास्त खाण्याचा. चालून आले की स्टेशनजवळची गरम कचोरी, वर जिलबी, घरी आल्यावर भाभींच्या हातचा खिमा. चेहऱ्यावर नुसता आनंद! महिन्यानं दुकानात कापूस तोलायच्या काट्यावर उभे राहिले. घरच्या लहान काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "तो घाबरून कमी दाखवते," म्हणायचे. मोठ्या काट्यानं भीडभाड ठेवली नाही. वजन वाढलं होतं.

मग दुसरं टोक. चालायच्या दिवशी पाण्याशिवाय काही नाही. चार दिवस गल्लीत आरोळीच नाही, तेव्हाच मला काळजी वाटायला हवी होती. पाचव्या दिवशी दुकानात गिऱ्हाईकाला गादी दाखवता दाखवता गफूरभाई गरकन फिरले आणि कापसाच्या ढिगात पडले. मी धावत गेलो तेव्हा मिशीला, भुवयांना सगळा कापूस चिकटलेला. डोळे उघडले आणि पहिलं वाक्य, "सर, कमी खाऊन बी जमत नाई."

भाभी रडत होत्या. मी गफूरभाईंना अकोल्याला आहारतज्ज्ञ बाईंकडे न्यायचं ठरवलं. ते लगेच तयार झाले. तिथल्या मोठ्या दवाखान्यातच चला म्हणाले.

बाई तरुण होत्या, पण कडक. गफूरभाईंनी खुर्चीवर बसायच्या आत प्रश्न टाकला. बैल झाला, घोडा झाला, कचोरी झाली. बाईंनी त्यांची दवाखान्यातली जुनी फाईल चाळत सगळं ऐकून घेतलं.

"काका, चाललात म्हणून दुप्पट जेवायचं नाही. आपण चालून जेवढं जाळतो, त्यापेक्षा जास्त एक कचोरीच परत देऊन टाकते. रोजचं जेवण ठरल्याप्रमाणे. चालून आल्यावर खरंच भूक लागली तर मूठभर फुटाणे, नाहीतर एक उकडलेलं अंडं. आणि उपास अजिबात नाही. तुम्हाला किडनी द्यायची आहे ना? मग उपाशी राहून अंगातली ताकद घालवून कसं चालेल?"

मी गफूरभाईंकडे पाहिलं. ते पंख्याकडे पाहत होते.

बाहेर आल्यावर बाकावर बसून त्यांनी सांगितलं. वरवट बकालला त्यांची धाकटी बहीण नसीम राहते. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून दोनदा अकोल्याला येऊन रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. "डॉक्टर म्हणे, रक्तगट जुळते, पण तुमचं वजन लय हाये. आधी ते उतरवा, मंग बाकीच्या तपासण्या करू."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत? नसीमला तरी माहीत आहे का?"

"तिले कसं सांगू सर? तिनं आस लावली न् डॉक्टरनं मले नापास केलं तं? मले हासतात लोक, हासू द्या. तिची आस नाई मोडली पाह्यजे."

त्यानंतर मी रोज त्यांच्याबरोबर चालायला लागलो. फुटाण्यांची पुडी माझ्या खिशात असे, कारण त्यांच्या खिशात ती टिकत नसे. कचोरीच्या गाडीसमोरून जाताना ते डोळे मिटून माझा दंड धरायचे आणि "गेली का? गेली का?" विचारत पुढे सरकायचे. काटा हळूहळू उतरू लागला. जास्त उतरला की दुकानातून फोन यायचा, मी वर्गात असलो तरी.

परवा आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "छान. आता बहिणीला घेऊन या. पुढच्या तपासण्या सुरू करू." गफूरभाईंनी डॉक्टरांना उचललंच असतं, मी मध्ये पडलो म्हणून वाचले. घरी जायला ते तयारच होईनात. तसेच आम्ही वरवट बकालला गेलो.

नसीम अंगणात मशीनवर ब्लाऊज शिवत होती. चेहरा सुजलेला, पण हात भराभर चालत होते. गफूरभाईंनी वाटेत मोठं भाषण तयार केलं होतं. मला दोनदा म्हणून दाखवलं होतं. तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यातलं एक अक्षर फुटेना. शेवटी मीच सांगितलं.

मशीन थांबलं.

"नाई," ती म्हणाली. "भाईजान, तुमाले लेकरं हायेत. मले नाई पाह्यजे."

"तू तं माह्यं पहिलं लेकरू हायेस," गफूरभाई म्हणाले. "अम्मी गेली तवा तुले खांद्यावर घेऊन म्या पिंजण चालवली. आता काऊन परकं करतं?"

नसीम त्यांच्याकडे पाहत राहिली, गळ्याकडे, खांद्याकडे, अंगावर लोंबणाऱ्या कुर्त्याकडे. मग उठली. सुईत दोरा ओवला, त्यांना उभं केलं आणि अंगावरचा कुर्ता दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून टाके घालायला लागली.

"हालू नका," ती म्हणाली. "मोठ्या दवाखान्यात जायचं न् असा ढगळा कुर्ता? डॉक्टर काय म्हनन, यांले बहीण नाई का?"

गफूरभाई दोन्ही हात पसरून स्तब्ध उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बहिणीनं हलू नका म्हटलं होतं, म्हणून त्यांनी ते पुसलं नाही.