इस्त्रीच्या टेबलावरची टेस्ट राइड

बायकोला पटवणं माझ्या डाव्या हातचा मळ आहे! त्यामुळे मोटारसायकल घ्यायचं ठरलं तेव्हा मी निर्धास्त होतो. साधं मॉडेल की लाल स्पोर्ट, एवढाच प्रश्न होता. स्पोर्टला पैसे बरेच जास्त. आणि बायको शाळेत गणित शिकवते!

"जास्तीच्या पैशांत जास्तीचं काय मिळतं?"

"ऐट!"

"मग साधीच घ्या."

मी मान डोलावली खरी, पण शनिवारी संध्याकाळची टेस्ट राइड गुपचूप लालचीच ठरवली. हिला मागे बसवून एक चक्कर मारली की बाईसाहेब विरघळल्याच! फक्त स्पोर्ट गाडीवर पुढे ओणवं होऊन बसावं लागतं, त्याची सवय हवी. म्हणून सकाळी दार लोटलं, इस्त्रीच्या टेबलावर दोन्हीकडे पाय टाकून ओणवा झालो आणि तोंडाने "घुर्रर्र" केलं.

दार उघडलं!

"अगंबाई! कण्हताय काय असे? कंबर धरली?"

खरं सांगावं तर लालचं बिंग फुटणार. "हो ना!" मी म्हणालो.

"पण टेबलावर कसे चढलात?"

"कळ आली आणि... चढलोच!"

तिचा धाकटा भाऊ फिजिओथेरपिस्ट. तिने फोन केला आणि तो लगेच हजर!

"दाजी, नेमकं कुठे दुखतंय?"

आता कुठे म्हणून सांगू? उगाच मधोमध बोट ठेवलं. त्याने तिथे गुडघा रोवला, खांदे मागे खेचले आणि कडकन आवाज आला.

"सुटलं!" तो आनंदाने म्हणाला.

सुटलं कसलं, धरलं! उभ्या जन्मात न दुखलेली कंबर अशी ठणकली की माझी किंकाळी ऐकून वरच्या मजल्यावरच्या काकू धावत खाली आल्या. मला पट्टा आवळण्यात आला. "महिनाभर गाडी चालवायची नाही!" मेहुण्याने हुकूम सोडला.

तेवढ्यात शोरूमचा फोन. उचलला बायकोने.

"लाल स्पोर्टची टेस्ट राइड? आज?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"नको म्हणून सांगून येते," असं म्हणत तिने भावाचं हेल्मेट उचललं आणि गेली. संपलं! आता लाल राहिली बाजूला, साधीसुद्धा मिळत नाही, अशी माझी खात्रीच झाली. पडल्या पडल्या मला अगदी रडू येत होतं.

ती परतली ती केस विस्कटलेली, गाल लाल झालेली. लग्नाआधी ती वडिलांची मोटारसायकल चालवायची हे ऐकून होतो; पण तिचा असा फुललेला चेहरा कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. क्षणभर मी कंबर विसरलो.

"अहो, दोन्ही चालवून पाहिल्या! लाल वळणावर काय झुकते! आणि ब्रेक! ओल्या रस्त्यावर जरासुद्धा घसरली नाही. पैसे वसूल! बुक करून आले!"

मी पट्ट्यासकट उडी मारली आणि पुन्हा किंचाळलो.

तर मंडळी, जास्तीचे पैसे द्यावेत का? डोळे झाकून द्या! आमची कंबर कधीच बरी झाली. रोज सकाळी आम्ही दोघं लाल गाडीवरून झोकात निघतो. ती वळणं कशी घेते, ते मात्र हिलाच विचारा. मी मागे बसतो, आणि वळण आलं की हिला घट्ट धरून डोळे मिटून घेतो.