देवरेभाऊंचा डबा

देवरेभाऊ घरी आले तर त्यांना काचेच्या कपात चहा देऊ नका. आधी ते कप निरखतात, बुडाला टिचकी मारतात आणि मग टेबलाच्या कडेवरून सरळ खाली सोडतात. फुटला तर म्हणतात, "बघा, मला शंका होतीच." वाचला तर म्हणतात, "चांगला आहे, असेच घेत जा." माझा अख्खा सेट असा संपल्यावर मी त्यांच्यासाठी स्टीलचा पेला ठेवला. तोही त्यांनी पाडला. पोचा आला नाही, तेव्हा कौतुकाने म्हणाले, "ताई, तुम्ही सुधारताय."

भाऊ मूळचे सटाण्याचे. सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, तपासणी खात्यात. "पडल्याशिवाय वस्तू कळत नाही" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. विमानाच्या कारखान्यात हे वाक्य ते कितपत मोठ्याने म्हणत असतील, मला माहीत नाही. ते निवृत्त झाले त्याच वर्षी वहिनी गेल्या. मुलगा बेंगळुरूला. मग भाऊंनी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या शेजारचा गाळा भाड्याने घेतला. मी प्लास्टिकचे डबे बनवते. भाऊंनी बनवायला घेतलं टीव्हीला जोडायचं व्हिडिओ गेमचं मशीन. हेच का, असं विचारलं तर म्हणाले, "विमान एकट्याला जमणार नाही."

आतला बोर्ड मुंबईहून तयार यायचा. गेम त्यांच्या पुतणीने बनवून दिले होते: विटीदांडू, पतंग, आणि पाऊस यायच्या आत कांद्याचा ट्रॅक्टर मार्केटला पोचवायचा. हा शेवटचा गेम मीही खेळायचे. मोसम नदीच्या पुलावर माझा ट्रॅक्टर हमखास उलटायचा. गेम उत्तम होते. गडबड बाहेरच्या पेटीची होती.

पेटीचं नाव 'वज्र'. जाड पत्रा, चारी बाजूंनी स्क्रू, आत पंखा, वर हँडल, पुढे घड्याळ, आणि परीक्षेच्या काळात पोरांनी हात लावू नये म्हणून कुलूप. वज्र गच्चीवरून पाडलं तरी चालू राहायचं, हे भाऊंनी सगळ्या वसाहतीला दाखवलं. खाली फरशीचे दोन तुकडे झाले. पण किंमत टीव्हीच्या वर गेली, आणि एका गिऱ्हाइकाकडे तर टीव्हीचं कपाटच वाकलं. मेन रोडच्या दुकानदाराने ठेवून घेतलेलं वज्र तो दार वाऱ्याने आपटू नये म्हणून वापरायचा. भाऊंना ते कळलं तेव्हा वाईट वाटण्याऐवजी त्यांनी विचारलं, "दार हललं का?"

तेवढ्यात मुलाने निर्वाणीचं सांगितलं. दिवाळीपर्यंत मशीन चाललं तर ठीक, नाहीतर गाळा सोडायचा आणि बेंगळुरूला यायचं. मुलगा वाईट नव्हे. त्याला काळजी होती. पण भाऊंचा चेहरा उतरला.

"ताई, तिथं मी काय करू? चौदाव्या मजल्यावर राहतो तो. शेजारचा माणूस लिफ्टमध्येसुद्धा फोनशीच बोलतो. आणि वरून खाली काही पाडायचीही सोय नाही."

मला उसासे ऐकायला वेळ नसतो. मी त्यांना बसवलं, वज्र टेबलावर ठेवलं आणि विचारायला लागले.

"हे हँडल कशाला?"

"उचलायला. जड आहे ना."

"जड कशामुळे?"

"पत्र्यामुळे. आणि थोडं हँडलमुळे."

"हा पंखा?"

"आत गरम होतं."

"का होतं?"

"पेटी बंद आहे म्हणून."

"मग भोकं पाडा."

"धूळ जाईल की!"

"आत्ता पंखा बाहेरची धूळ आतच ओढतोय ना?"

 मी स्क्रू काढायला हात घातला तसे भाऊ उसळून अहिराणीत आले, "ताई, हाऊ पंखा मना जीव शे!"

"जीव राहू द्या, पंखा काढा."

घड्याळ गेलं, कारण घड्याळ प्रत्येकाच्या भिंतीवर असतं. कुलूप गेलं, कारण किल्ली पोरांनाच आधी सापडते. उरला तळहाताएवढा बोर्ड, दोन रिमोट आणि वायरी. माझ्याकडे फराळाच्या चौकोनी डब्याचा साचा पडून होता. ज्याच्यासाठी केला त्याने ऐनवेळी पाठ फिरवली होती. लाल डबा, पिवळं झाकण. बोर्ड तळाला बसला, वर रिमोट आणि वायरी गुंडाळून राहिल्या, झाकण टक्क लागलं. किंमत एवढी खाली आली की भाऊंनी ती परत परत विचारली.

एकच चूक राहिली. साच्यातच झाकणावर अक्षरं कोरलेली होती, 'फक्त कोरड्या पदार्थांसाठी'. ती पुसून घ्यायची आम्हा दोघांनाही आठवण झाली नाही. पहिला लॉट निघाल्यावर मी कपाळाला हात लावला. भाऊ म्हणाले, "खोटं काय आहे? ओल्या हाताने धरू नयेच."

तो लॉट घेऊन आम्ही देवळाली कॅम्पच्या बाजारात गेलो. दुकानदाराने डबा हातात घेऊन नाक मुरडलं. "काका, हे प्लास्टिक आहे. फौजी लोकांची पोरं दोन दिवसांत फोडतील."

 भाऊ स्टुलावर चढले आणि डोक्यावरून डबा सोडला. मी डोळे मिटले. टण्ण आवाज झाला, डबा उडी मारून उंबऱ्यापाशी गेला. भाऊंनी तो टीव्हीला जोडला. कांद्याचा ट्रॅक्टर सुरू.

स्टुलावरून उतरलेल्या माणसाचं तोंड बघण्यासारखं होतं. "ताई! हलका आहे म्हणून वाचला! जड वस्तू स्वतःच्याच वजनाने मरते! आणि मी आयुष्यभर जाडी वाढवत बसलो!" मग भर बाजारात दोन्ही हात वर करून, "नंबर एक शे!"

बाहेर गर्दी जमली होती. फौजींच्या बायका व्यवहाराला चोख. त्यांची दर थोड्या वर्षांनी बदली. सामान बांधण्यात जन्म जातो. "म्हणजे सगळं ह्या एका डब्यात मावतं?" एकीने विचारलं. झाकण दोनदा लावून बघितलं आणि डबा पिशवीत टाकला. संध्याकाळपर्यंत आमच्याकडे एकही डबा उरला नाही. परत येताना भाऊ रिक्षात गात होते. गाणं ओळखू आलं नाही, पण विजयाचं होतं.

मग डबा कॅम्पातून सुटला तो बदल्यांबरोबर कुठे कुठे गेला. नाशकातले दुकानदार स्वतः यायला लागले. दारवाला दुकानदारही आला. अक्षरं आता काढायची का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "नको, लोक 'कोरड्या पदार्थवाला गेम' म्हणूनच मागतात." भाऊंनी चार बायका कामाला ठेवल्या. मुलाने फोनवर हार मानली. दिवाळीत भाऊ माझ्याकडे नवे कप घेऊन आले, न फुटणारे. दिले तेही पाडूनच.

सगळं मनासारखं झालं. पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. वज्रं मोजकीच विकली होती, पण त्यांच्या तक्रारी भरपूर होत्या. कपाट वाकलं, कुलूप अडकलं, घड्याळ मागे पडलं. लोक मशीन घेऊन यायचे आणि भाऊंचा गाळा दवाखान्यासारखा भरलेला असायचा. चहा व्हायचा, गाव कोणतं, मुलगी कितवीला, सगळी चौकशी व्हायची. डब्याची मात्र तक्रारच नव्हती. भाऊ दुकानदारांना फोन करून विचारायचे, "काही बिघाड?" तिकडून 'नाही' आलं की "बरं" म्हणून फोन ठेवायचे. पुढे त्यांनी प्रत्येक डब्यात चिठ्ठी घातली: 'तक्रार असल्यास रविवारी प्रत्यक्ष यावे. चहा मिळेल.' मी रागावले. चांगल्या मालाबरोबर तक्रारीचं आमंत्रण कोण पाठवतं?

मागच्या रविवारी माझं डब्यांचं मशीन दुरुस्तीला काढलं होतं म्हणून मी वसाहतीत गेले. भाऊंचं शटर वर होतं. आत कॅम्पातली एक हवालदाराची बायको दोन पोरांना घेऊन बसली होती. चहा झालेला, पोरांपुढे भेळ. टेबलावर डबा उघडा, आणि भाऊ भिंग लावून बोर्डावर वाकलेले. पोरगी त्यांच्या खांद्याला रेलून शाळेतल्या भांडणाची हकीकत सांगत होती.

मला बघून ती बाई उठून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "ताई, मशीन चांगलं आहे हो. ह्या पोरांचे बाबा बॉर्डरवर आहेत. चिठ्ठी वाचल्यापासून पोरांनी हट्टच धरला, आजोबांकडे जाऊ म्हणून."

आत गेले तर भाऊ माझ्या कानाशी आले. "ताई, काहीच सापडत नाहीये. आता ह्यांना सांगू काय?"

मी चष्मा लावला. डबा उचलून चारी बाजूंनी पाहिला. बटण दाबलं; ट्रॅक्टर झकास चालला होता. दोन्ही पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. भाऊही.

"बिघाड अवघड आहे," मी म्हटलं. "एका रविवारात व्हायचा नाही."