इंदूकाकूंचं बर्फाचं घमेलं

शनिवारी उजाडायच्या आत आमच्या आळीत दत्ताची रिक्षा यायची आणि तिच्यामागून आळीतली यच्चयावत मांजरं यायची. रिक्षात गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी. मिरकरवाडा बंदरावरची, म्हणजे बांगड्यांच्या शेजारी रात्र काढलेली. ती उतरायची माझ्या दारात, आणि आमच्या घरात तर अंड्याचंसुद्धा नाव काढत नाहीत! पण लादी आमच्यासाठी नसायची. ती असायची समोरच्या इंदूकाकूंच्या पायांसाठी.

इंदूकाकू सत्तरी ओलांडलेल्या, अंगाने काडी, आवाजाने तोफ. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. घरामागच्या हापूसच्या कलमांवर आणि आळीतल्या माणसांवर देखरेख करत एकट्या राहायच्या. एकुलता एक मुलगा श्रीकांत कॅनडात इंजिनिअर. त्याच्या मुलाने, रोहनने, अठ्ठ्याण्णव साली कॉलेज अर्ध्यावर टाकलं आणि तो तिकडे पगारी आइस हॉकीपटू झाला.

हा खेळ बर्फाच्या मैदानावर घसरत खेळतात. हातात वाकडी काठी, चेंडूऐवजी रबराची चकती. त्यात रोहनचं काम जरा निराळं होतं. गोल मारायला दुसरे होते. आपल्या खेळाडूला कुणी दांडगाई केली, तर त्या दांडग्याला बडवायला रोहनला ठेवलेलं. बडवलं की पंच त्याला पाच मिनिटं काचेच्या खोक्यात बसवायचे. शिक्षा भोगून तो बाहेर यायचा आणि पुन्हा कामाला लागायचा.

हे सगळं आम्हाला कळलं ते माझ्या कॉम्प्युटरमुळे. मी शाळेत गणित शिकवतो, हौसेने घेतला होता. फोनच्या तारेवरून इंटरनेट आलं, तशा काकू येऊन ठेपल्या. "सुध्या, तुझ्या यंत्रात आमचा रोहन दिसतो म्हणे."

दिसत नव्हता. तिकडे शुक्रवारी संध्याकाळी सामना, तेव्हा आमच्याकडे शनिवारची पहाट. पडद्यावर थांबत थांबत इंग्रजी ओळी उमटायच्या, त्या मी मराठीत सांगायचो. पहिल्या सामन्याला काकूंनी एकच विचारलं, "खाली खरंच बर्फ असतो रे?" मी हो म्हटलं. पुढच्या शनिवारी काकू घमेलं घेऊन आल्या, मागून दत्ता लादी घेऊन आला. बर्फ फोडून घमेल्यात भरला आणि काकूंनी लुगडं पोटरीपर्यंत वर घेऊन दोन्ही पाय आत घातले.

"माझा नातू बर्फावर आणि मी तुझ्या सतरंजीवर? जमायचं नाही."

माझी बायको मेधा पदर नाकाला लावून म्हणाली, "काकू, आमच्या फ्रिजमधला देते ना."

"तो वाटीभर? रोहनच्या पायाखाली अख्खं मैदान आहे, मेधा. आणि मला पाय घालायचेत, पंचामृत नाही करायचं."

मेधा त्यानंतर दर शनिवारी दोनदा फरशी पुसायची, एकदा पाण्याने आणि एकदा रागाने.

सामना चालू असताना काकूंना गोलांचं सोयरसुतक नसायचं. "रोहनची मारामारी झाली," असं मी म्हटलं की दात वाजत असतानाच प्रश्न यायचा, "पहिला हात कुणी उचलला?" समोरच्याने उचलला असेल तर, "बरं झालं, शिंच्याला खाज होती." रोहनने उचलला असेल तर, "मग तो काहीतरी बोलला असेल. पोर उगाच नाही मारायचं." पंच कोणत्याही परिस्थितीत गाढवच असायचे.

आळीतल्या हळदीकुंकवाला बायका मुद्दाम विचारायच्या, "रोहन काय करतो हल्ली?" कुणाचा नातू डॉक्टर, कुणाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. काकू ताठ मानेने सांगायच्या, "बर्फावर मारामाऱ्या करतो. पगार घेऊन. तुमच्याकडे दोन भाऊ बांधावरून करतात, ते फुकट." पुढच्या वर्षी कुणी विचारलं नाही.

एकदा मी वाचलं, की रोहनच्या संघाने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. तिकडे अशी पद्धत असते. काकू घमेल्यातून उभ्याच राहिल्या. "देऊन टाकलं म्हणजे? बैल आहे का तो? विचारलं त्याला?" विचारलेलं नव्हतं. पहिल्या संघाच्या छातीवर अस्वल होतं, दुसऱ्याच्या लांडगा. काकूंनी अस्वलांना मरेपर्यंत क्षमा केली नाही. पुढे रोहन आणखी दोन संघ फिरला, सगळे मोठ्या लीगच्या खालचे. मोठ्या लीगने त्याला कधीच बोलावलं नाही. काकूंच्या मते ती लीगच भिकार होती.

श्रीकांत फोनवर चिडायचा. एकदा मी काकूंकडे फ्यूज बसवत होतो, तेव्हा ऐकलं. "आई, तू त्याला फूस लावतेस. आयुष्य वाया घालवतोय तो."

"तुला विमानात बसवायला मीच आले होते ना?" काकू म्हणाल्या. "ही कलमं कोण बघणार, असं विचारलं मी तेव्हा? नाही विचारलं. मग तूही विचारू नकोस." फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ परसात होत्या. मी फ्यूज बसवून निघून आलो.

सहाव्या वर्षी रोहनचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं आणि संघाने त्याला मोकळं केलं. त्याने स्वतः फोन केला. तो मराठी समजायचा, बोलताना मात्र चाचपडायचा. काकूंनी मला बोलावून घेतलं होतं. पलीकडून म्हणाला, "आजी, संपला. फिनिश."

"पहिला हात कुणी उचलला?" काकूंनी विचारलं. "तू सोडलंस, की त्यांनी सोडलं?"

"त्यांनी."

"मग तू हरलेला नाहीस. इकडे ये."

त्या शनिवारी मांजरं सवयीने येऊन बसली. रिक्षा आली नाही. काकूंनी समोरचं आपलं दार उघडलं, मांजरांना म्हणाल्या, "जा गं बायांनो," आणि दार लावून घेतलं. मला फार वाईट वाटलं. मेधानेही उगाचच फरशी पुसली.

मे महिन्यात रोहन आला. दारातून वाकून आत शिरणारा, नाक दोनदा मोडलेला, लंगडणारा धिप्पाड पोरगा. बघायला आळी लोटली. काकूंचे एक चुलतदीर आंब्याची फोड चोखत म्हणाले, "सहा वर्षं फुकट गेली म्हणायची."

रोहनने मान खाली घातली. त्याला तेवढं मराठी बरोब्बर कळलं.

"भावोजी," काकू म्हणाल्या, "ती फोड खाली ठेवा आणि घरी जा." आणि ते खरंच गेले.

दुसऱ्या दिवशी रिक्षा आली. मांजरं आली. सुजलेल्या गुडघ्याला लावायला लादी फोडली, आणि उरलेला बर्फ काकूंनी घमेल्यात भरून त्यात पाय घातले. रोहन बघतच राहिला. मी त्याला सहा वर्षांची हकिगत सांगितली. तो हसायला लागला, मग गडबडला.

"आजी, पण... शूज असतात. जाड. पाय गरम. घाम येतो."

पडद्यावर ओळींबरोबर कधीमधी एखाद्या खेळाडूचा फोटो यायचा, त्यात बूट मला पहिल्या वर्षीच दिसले होते. काकूंना सांगायचा धीर झाला नव्हता.

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "ह्या सुध्याच्या यंत्रात बघितले मी. डोळे शाबूत आहेत माझे."

"मग का?"

काकूंनी जरा वेळ घमेल्यात बोटं हलवली. "तुझी भाषा मला येत नाही. तुझा खेळ मला कळत नाही. तुला मांडीवर घ्यायचं राहून गेलं, आणि आता तर तू मावायचा नाहीस. मग काय करणार होते रे मी? तुझ्यासाठी इथे बसून मला काहीतरी सोसायचं होतं."

रोहनला किती कळलं, मला माहीत नाही. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तोवर त्याने सपाता काढल्या आणि आपले भलेथोरले पाय काकूंच्या पायांशेजारी घमेल्यात घातले. घातले आणि किंचाळून बाहेर काढायला लागला.

काकूंनी त्याचा गुडघा दाबून धरला, जो धड होता तो.

"गप. सामना संपेपर्यंत काढायचे नाहीत."