आग्रह, एक पाकीट

सुगंधाकाकू निकमांना वाळवून पाकिटात भरलं, तेव्हा त्यांचं वजन जेमतेम पंधरा किलो भरलं. काट्यावरचा आकडा ऐकून खूश व्हायची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच संधी होती, पण ती हुकली, कारण तोवर त्या पूर्ण वाळल्या होत्या.

कराडच्या बाजूला बर्फातल्या जवानांसाठी जेवण वाळवण्याचा एक कारखाना आहे. शिजलेला मसालेभात आधी दगडासारखा गोठवायचा, मग पेटीतली हवा काढून घ्यायची आणि भातातलं बर्फ परस्पर वाफ करून उडवून लावायचं, एवढंच तिथलं काम. भात लाह्यांइतका हलका होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. वर बर्फातल्या ठाण्यावर त्यात उकळतं पाणी ओतलं की पुन्हा त्याचा भात होतो, आणि तोही मोकळा.

तर अशा एका ठाण्यावरून पाकिटं अर्धवट खाऊन परत येऊ लागली. ठाण्यावर आपल्याच भागातले अकरा जण होते, आणि त्यांच्या पँटी पट्ट्याला शेवटचं भोक पाडूनही खाली येत होत्या. कारखान्याचे तपासणी अधिकारी देशिंगकर साहेब हे नियमाला धरून चालणारे गृहस्थ. त्यांनी वायरलेसवरून ठाण्याचे सुभेदार शेलार यांची रीतसर चौकशी केली.

"जेवणाला चव आहे का?"

"फर्मास हाय साहेब."

"भूक लागते का?"

"लागती की. सपाटून लागती."

"मग टाकता का?"

शेलार म्हणाले, "साहेब, पोटात चार घास गेलं की मानसानं नको म्हनायचं असतंय. आमी म्हनतो. फुडं कुनी काय म्हनतच न्हाई."

साहेबांना सगळा उलगडा झाला. जेवण वाळवताना त्यातला आग्रह मागेच राहत होता. त्यांनी लगेच पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'अजून घ्या' असं छापून घेतलं. जवानांनी ते वाचलं, "नको, झालं" असं नम्रपणे सांगितलं आणि पाकीट खाली ठेवलं. पुढच्या खेपेला खाली 'असं कसं, घ्यायलाच पाहिजे' अशी दुसरी ओळ छापली. तेव्हा शेलारांनी कळवलं की हे मनापासून वाटत नाही, छापलंय म्हणून म्हटल्यासारखं वाटतंय. आग्रहाला माणूसच लागणार होतं.

आणि त्या पंचक्रोशीत आग्रहाला माणूस म्हटलं की सुगंधाकाकूंचंच नाव निघे. चाळीस वर्षं त्यांनी लग्नामुंजीत पंगती वाढल्या. ताटावर आडवा धरलेला हात बघूनच त्यांना कळायचं, की हा खरोखर नको म्हणतोय का घरची शिकवण म्हणून म्हणतोय. ज्याची बोटं फाकलेली, त्याला खुशाल वाढावं. बोटं मिटलेली असली तर गावाकडची खुशाली विचारावी, आणि तो बोलायच्या नादात हात काढतो तेव्हा वाढावं. पण अलीकडे गावात सगळीकडे बुफे आला होता. लोक ताटं घेऊन उभे राहत आणि आपलं आपण वाढून घेत. आता माणूस स्वतःला आग्रह करून करून किती करणार? "काकू, तुम्ही बसा निवांत," असं म्हणून त्यांना कोपऱ्यात खुर्ची द्यायचे, आणि हातात सरबताचा पेला. तो पेला घेऊन बसलं की आपण उरलो, असं काकूंना वाटायचं.

देशिंगकर साहेब त्यांच्या घरी गेले आणि पाण्याचा पेलाही तोंडाला न लावता मुद्द्यावर आले.

"काकू, माणूस म्हणून तुम्हाला तिथे जाता येणार नाही. पन्नाशीपुढच्या माणसाला त्या उंचीवर परवानगी नाही. शिधा म्हणून मात्र जाता येईल. शिध्याला वयाची अट नाही."

"टिकंन का मी?"

"तीन वर्षं. कोरड्या जागी ठेवलं तर."

काकूंना ते पटलं. इतकं स्पष्ट त्यांना कुठल्या ज्योतिषानंही सांगितलं नव्हतं.

त्यांचा मुलगा हणमंत दारात उभा होता. "दुखतं का हो साहेब?" त्यानं विचारलं.

"आजवर भाताची तक्रार आलेली नाही," साहेब म्हणाले.

"मग जा आई. पन स्वेटर घालून जा."

त्यामुळे स्वेटरही वाळवावा लागला. काकूंचं वाढायचं पितळी ओगराळं त्यांच्यासोबत जाणार की नाही यावर दोन दिवस पत्रव्यवहार चालला, कारण शिध्यात धातूची वस्तू चालत नाही. शेवटी प्रत्येक पाकिटात एक चमचा देण्याची तरतूद आहे, तिच्यात ते बसवण्यात आलं. पाकिटावर छापलं: घटक, आग्रह. कोणताही कृत्रिम रंग नाही. गरम पाणी घालून नीट ढवळावे. उघडल्यावर सूर्यास्तापूर्वी संपवावे, उरल्यास खड्ड्यात पुरून टाकावे.

काकू पेटीत शिरण्याआधी साहेबांनी हे सगळं त्यांना वाचून दाखवलं.

"मी कुठली उरतीय," काकू म्हणाल्या, आणि आत गेल्या.

वाळलेल्या माणसाला प्रवास बाधत नाही. काकू हेलिकॉप्टरनं ठाण्यावर उतरल्या तेव्हा चहूकडे डोळे दिपवणारं पांढरं ऊन पडलं होतं. अकराही जण पहाटेपासून स्टोव्हवर बर्फ वितळवत बसले होते. काकूंना पाणी भरपूर लागणार होतं. सुभेदार शेलारांनी पाकीट उभं केलं, हळूहळू उकळतं पाणी ओतलं आणि पाकिटाचं तोंड बंद करून सगळ्यांना टोप्या नीट करायला सांगितलं. इथवर ठीक होतं. पुढे 'नीट ढवळावे' होतं, आणि तिथे ते अडले.

"काकू," ते पाकिटाजवळ वाकून म्हणाले, "तुमास्नी ढवळायला आमाला बरं वाटंना. आतल्या आत तुमीच वाईच हला की."

आत खसफस झाली. पाकिटाचं तोंड उघडलं आणि वाफेतून काकू बाहेर आल्या. त्यांनी स्वेटर पिळला, पदर खोचला आणि अकरा जणांच्या अकरा बसलेल्या गालांकडे पाहिलं.

"जेवलासा का?" त्यांनी विचारलं.

बरेच महिने हा प्रश्न त्या ठाण्यावर कुणी कुणाला विचारला नव्हता. नाईक वाघमोडे, जो सगळ्यांत जास्त वाळला होता, आणि तोही कारखान्यात न जाता, तो तोंड फिरवून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी बांधलेलीच होती.

पंगत बसली. काकूंचं डावं कोपर नीट न ढवळल्यामुळे कोरडंच राहिलं होतं आणि दर वेळी वाढताना पापडासारखं वाजत होतं, पण त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. मसालेभात झाला, मटणाचा रस्सा झाला. रीतीप्रमाणे जवानांनी ताटावर हात आडवे धरले आणि रीतीप्रमाणे "नको, नको" म्हणाले. काकूंनी एकाला थोरल्या भावाचं लग्न जमलं का ते विचारलं. दुसऱ्याला म्हणाल्या, तुझ्या मापाच्या पोरी दोन घास जास्त खात्यात. वाघमोडेपुढे त्या नुसत्या ओगराळं धरून उभ्या राहिल्या. वाघमोडेनं वर पाहिलं, आणि हात काढला.

रिकामी पाकिटं इतकी स्वच्छ झाली की शेलारांनी एकात बघून मिशा सारख्या केल्या. हसणं, ढेकर, एकमेकांच्या पाठीवर थापा, नुसता कल्ला झाला. पट्टे सैल करण्यात आले. काकू मधोमध उभ्या होत्या आणि इतक्या आनंदात होत्या की त्यांना थंडी वाजायचं राहूनच गेलं.

दुपारी देशिंगकर साहेबांची विचारणा आली.

"पाकिटं?"

"चाटून पुसून, साहेब!"

"छान. आणि आग्रह?"

"म्हंजी काकू? हाईत की. भांडी आवरू देत न्हाईत कुनाला."

"म्हणजे उरलंय," साहेब म्हणाले.

हे म्हणताना साहेबांनाही जड जात होतं, पण नियम त्यांनीच छापून घेतला होता. सूर्यास्तापूर्वी संपवावे लागेल, नाहीतर खड्डा खणावा लागेल, असं त्यांनी कळवलं.

"मग संपवू की!" वाघमोडे उसळून म्हणाला, आणि अकरा जण पुन्हा पंगतीला बसले. काकूंचा आग्रह संपेस्तोवर जेवायचं असं ठरलं. आठवड्याचा शिधा त्या दुपारी उडाला. पण आग्रह हा पदार्थ वापरल्यानं कमी होत नाही, असं दिसून आलं. समोरचा जेवढं खाईल तेवढा तो वाढतच जातो. एकेक जवान आडवा झाला आणि काकू मात्र ओगराळं घेऊन टवटवीत उभ्या होत्या.

ऊन तांबूस झालं, तसं काकूंच्याही ध्यानात आलं. त्या खोक्यावर टेकल्या. हातात पेला नव्हता एवढाच फरक.

"म्हंजी हितं बी मी उरलेच की रं," त्या म्हणाल्या.

शेलारांना ते ऐकवेना. पोट सावरत ते वायरलेसपाशी गेले.

"साहेब, एक शंका हाय. शिधा जेवतो का?"

"नाही. शिधा खाल्ला जातो."

"मग जे जेवतंय, ते शिधा न्हवं?"

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज बराच वेळ आला. "नाही," साहेब सावकाश म्हणाले. "जो जेवतो तो जेवणारा. मधला तिसरा प्रकार नियमांत नाही. पण जेवण सूर्यास्तापूर्वी झालं पाहिजे. आणि पोटभर. नुसतं उष्टं करून चालणार नाही."

शेवटचं पाकीट शिऱ्याचं होतं. पाणी घातलं, ढवळलं, तुपाचा वास सुटला आणि वाटी काकूंपुढे आली.

"नको," काकू म्हणाल्या.

त्यात त्यांचा काही डाव नव्हता. चाळीस वर्षं त्या सगळ्यांच्या शेवटी, पातेल्याच्या तळाचं खरवडून, उभ्यानंच जेवल्या होत्या. त्यांना कुणी दुसऱ्यांदा विचारलंच नव्हतं. त्यामुळे नको म्हटल्यावर पुढे काय असतं, ते जेवणाऱ्याच्या बाजूनं त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि जवानांना वाढणाऱ्याच्या बाजूनं ठाऊक नव्हतं.

"खावा!" एक जण ओरडला. "हुकूम हाय!"

"असा करत्यात व्हय आग्रह?" काकू रागावल्या. "मला दम देतोस?"

"थोडासा तरी," दुसरा म्हणाला.

"थोडासा म्हनू ने. थोडासा म्हटलं की मानूस थोडंच घेतंय. डोळ्यात बघून बोल."

सूर्य समोरच्या सुळक्याला टेकला. एकेक जण येत होता, चुकत होता, काकू त्याला सुधारत होत्या आणि वाटी तशीच होती. शेलार खड्डा खणायच्या खोऱ्याकडे बघत नव्हते. तेवढं मात्र त्यांनी कटाक्षानं टाळलं.

मग वाघमोडे पुढे आला. त्यानं वाटी घेतली आणि काकूंच्या समोर बर्फातच मांडी घातली.

"काकू," तो म्हणाला, "मी सकाळधरनं तुमच्या हातचं जेवलोय. पोट भरलंय, पन मनाला रुखरुख लागलीया. तुमी उपाशी ऱ्हायलासा तर मला रातच्याला झोप न्हाई लागायची. माज्यासाठी खावा."

काकूंनी वाटीवर हात आडवा धरला. वाघमोडेनं त्या हाताकडे नीट पाहिलं. बोटं फाकलेली होती.

त्यानं वाटी त्यांच्या हातात दिली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी पहाटेच्या मापात धरलेलं नव्हतं. त्या बसून जेवल्या. आयुष्यात पहिल्यांदा अकरा माणसं त्यांच्याभोवती उभी होती आणि वाटी रिकामी व्हायची वाट बघत होती. सूर्य गेला तेव्हा त्या बोट चाटत होत्या.

थोड्या वेळानं वायरलेस खरखरला. साहेब फार हळू बोलत होते.

"शेलार, पाकिटाचं काय झालं?"

"जेवलं, साहेब."

"पोटभर?"

"पोटभर."

"ठीक आहे. उद्यापासून बारा जणांचा शिधा पाठवतो." वायरलेस मात्र बंद झाला नाही. "किती वाट्या घेतल्या त्यांनी?"

"दोन, साहेब. तिसरीला नको म्हनाल्या."

"मग?" साहेबांनी विचारलं.

"मग काय, साहेब," शेलार म्हणाले. "वाढली."