बगळा मंडळ आणि हरवलेला ठेका

रेकॉर्डवर सुई टेकायच्या आधी आण्णासाहेबांनी सवयीप्रमाणे स्वयंपाकघराकडे तोंड करून हाळी दिली, "अगं, आवाज बंद कर जरा! इथं महत्त्वाचं चाललंय!"

स्वयंपाकघरातला आवाज बंद झाला. लग्न झाल्यापासून तो असाच बंद होत आला होता. कस्तुराबाई पिठाचे हात तसेच घेऊन दाराशी येऊन उभ्या राहिल्या. एवढं काय महत्त्वाचं आहे ते बघावं तरी, म्हणून.

महत्त्वाचं होतं हे मात्र खरं. 'कॉपर हेरॉन' या पुण्याच्या जुन्या रॉक बँडचा 'सॉल्ट अँड थंडर' हा गाजलेला अल्बम इतक्या वर्षांनी डिलक्स होऊन पुन्हा बाजारात आला होता. मूळ फितींवरून धुऊनपुसून काढलेला आवाज, दोन जाडजूड रेकॉर्डी, फोटोंचं पुस्तक आणि भिंतीला लावायचं पोस्टर. आण्णासाहेबांची मुलगी हर्षाली तो खोका मांडीवर घेऊन पुण्याहून एसटीनं कळंबला आली होती. वाटेत येरमाळ्याला शेजारच्या बाईनं "कुणाचा साखरपुडा हाय का गं?" असं विचारलंसुद्धा होतं.

आता कळंबच्या धान्याच्या मोंढ्यात आडत दुकान चालवणाऱ्या माणसाला इंग्रजी रॉकचं वेड लागलंच कसं, तर त्याला जबाबदार उत्तरेश्वरसर. सर आता शाळेतून निवृत्त झालेत, पण पुण्यात शिकत होते तेव्हा एकदा मित्राची कॅसेट घेऊन आले. एका दिवसाच्या बोलीवर. मग आण्णासाहेबांच्या घरात दोन टेपरेकॉर्डर तोंडाला तोंड लावून ठेवले, एकावर कॅसेट वाजवली, दुसऱ्यावर भरून घेतली आणि मूळ कॅसेट संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेली. त्या भरून घेतलेल्या कॅसेटवरून महांतप्पा साऊंडवाल्यानं पुढं अख्ख्या जिल्ह्याला कॅसेटी भरून दिल्या. आण्णासाहेब, उत्तरेश्वरसर आणि महांतप्पा हे तेव्हापासून दर रविवारी एकत्र बसून ऐकत आले. हेरॉन म्हणजे बगळा हे गावाला कळल्यावर गावानं त्यांचं नाव ठेवलं बगळा मंडळ.

गावानं नाव ठेवलं एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण मोंढ्यातले हमालसुद्धा "काय आण्णा, बगळा काय म्हणतोय?" असं विचारायचे. आण्णासाहेबांचे वडील, बापू, तर जाईपर्यंत म्हणत होते की पोराच्या कानात काहीतरी बिघाड आहे. आण्णासाहेब हसून सोडून द्यायचे, पण मनातून त्यांना फार लागायचं. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, ज्याला संगीतातलं कळतं अशा माणसानं म्हणावं, की आण्णासाहेब, तुमचा कान खरा. बास. मग डोळे मिटले तरी चालतील अशी त्यांची इच्छा होती.

तर सुई टेकली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं.

"बास बगा की कसा," महांतप्पा म्हणाला. "खिडकीची काच बोलायलीय."

"गायकाचा श्वाससुद्धा ऐकू येतो," सर म्हणाले. "आपल्या कॅसेटवर तो दम्याचा पेशंट वाटायचा."

तिसरं गाणं सुरू झालं आणि तिघंही पुढं सरकून बसले. तिसरं गाणं म्हणजे मंडळाचा जीव. त्यात गिटार थांबते आणि एक ठेका येतो. थप थप, थपाथप, थप. खोल, भारदस्त. या ठेक्यावर तिघांनी आजवर टेबलं, मांड्या आणि महांतप्पाची जीप बडवली होती. गिटार थांबली. तिघांनी हात वर केले.

ठेका आलाच नाही. गिटार थांबली, जरा शांतता झाली आणि गायक गायला लागला. तीन हात वरच्या वर राहिले.

"सुई उडाली काय?" आण्णासाहेबांनी विचारलं. सुई मागं घेतली. पुन्हा तेच. मग जुनी कॅसेट लावली. थप थप, थपाथप, थप! ठेका जागच्या जागी हजर.

"कापला!" महांतप्पा ओरडला. "साफसफाईच्या नादात ठेकाच झाडून काढला की वो ह्यांनी!"

"हा कलेचा खून आहे," सर म्हणाले.

आण्णासाहेब तर उभेच राहिले. "हर्षाली, मोबाईल काढ. म्या बोलतो, तू टाक त्या चाहत्यांच्या ग्रुपवर. डिलक्स म्हणं! लगीन लावलं आन् नवराच इसरले!"

व्हिडिओ गेला. पुण्यातल्या एका चाहत्यानं लगेच उत्तर दिलं, 'काका, तुमची कॅसेट खराब असेल.' आण्णासाहेबांचा चेहरा पडला. पण दुपारपर्यंत भूमहून कुणी लिहिलं, 'आमच्याही कॅसेटवर ठेका आहे.' मग परंड्याहून आलं, धाराशिवहून आलं, तुळजापूरच्या एका लॉजवाल्यानं तर आपल्या कॅसेटचा तेवढा तुकडाच वाजवून पाठवला. एक माणूस चुकेल, अख्खा जिल्हा कसा चुकेल? या सगळ्या कॅसेटी महांतप्पानं एकाच कॅसेटवरून भरल्या होत्या, ही बारीकशी गोष्ट आनंदाच्या भरात खुद्द महांतप्पाच्याही लक्षात आली नाही.

प्रकरण बँडचे म्हातारे ड्रमर नेव्हिल यांच्यापर्यंत गेलं. त्यांनी तो तुकडा ऐकला, डोळे मिटले आणि म्हणाले की हो, हा माझाच हात. काठ्या बाजूला ठेवून मी नुसत्या तळव्यानं वाजवायचो, हे माझं गुपित होतं. पुढं त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर वाजवूनही दाखवलं. गुडघ्यावर ते काही नीट जमलं नाही, पण वय झालं म्हणून लोकांनी सोडून दिलं.

मग डिलक्सचं काम पाहणाऱ्या सृष्टी नावाच्या मुलीचा फोन आला. "काका, मूळ फितीत हा ठेका नाहीये. म्हणजे तुमच्याकडे वेगळंच रेकॉर्डिंग आहे. हा मोठा शोध आहे! रविवारी व्हिडिओ कॉलवर कॅसेट ऐकवा. खरं निघालं तर पुढच्या आवृत्तीच्या पुस्तकात तुमचं नाव छापू."

आण्णासाहेबांनी फोन ठेवला. मग डोळे पुसत म्हणाले, "बापू असायला पायजे व्हते आज."

संध्याकाळी महांतप्पानं चौकात फ्लेक्स लावला. मधोमध कॅसेट, भोवती तिघांचे फोटो आणि वर मोठ्या अक्षरात 'कळंबचा कान, देशाची शान'. आण्णासाहेबांनी वरवर "काय गरज व्हती?" म्हटलं आणि मुद्दाम त्या चौकातून तीन चकरा मारल्या.

रविवारी भूम, परंडा, तुळजापूर सगळीकडून चाहते आले. कस्तुराबाईंनी सकाळीच विचारलं होतं, "अवो, जेवायला किती माणसं धरू?"

"समदा जिल्हा धर," आण्णासाहेब म्हणाले.

एवढ्या भाकरी रोजच्या स्टीलच्या परातीत कुठल्या व्हायला? कस्तुराबाईंनी माळ्यावरची जुनी लाकडी काटवट काढली, धुतली आणि कामाला लागल्या.

इकडे दिवाणखान्यात टीव्हीवर एका चौकोनात सृष्टी आणि दुसऱ्यात नेव्हिल आले. आण्णासाहेबांनी नवा शर्ट घातला होता. त्याची कॉलर नीट करायच्या गडबडीत ते आयुष्यात पहिल्यांदा "आवाज बंद कर" म्हणायचं विसरले.

"लावा कॅसेट," सृष्टी म्हणाली.

महांतप्पानं आदल्या दिवशी टेपरेकॉर्डर उघडून, पुसून, तेलपाणी करून ठेवला होता. तेलपाणी जरा जास्तच झालं होतं. त्यानं बटण दाबलं, आतून मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज आला आणि टेपरेकॉर्डरनं फीत गिळायला सुरुवात केली.

"बंद कर! बंद कर!" सर ओरडले.

महांतप्पानं कॅसेट ओढून काढली. तिच्या मागोमाग फितीच्या शेवया बाहेर आल्या. सरांनी कॅसेटमध्ये पेन घालून गुंडाळायला सुरुवात केली, महांतप्पा एक टोक धरून दारापर्यंत गेला आणि अख्खा जिल्हा श्वास रोखून बघत बसला. आण्णासाहेबांना चौकातला फ्लेक्स डोळ्यांसमोर दिसत होता.

तेवढ्यात सृष्टी किंचाळली, "थांबा! हाच! हाच तो ठेका! किती स्वच्छ ऐकू येतोय!"

"हाच!" नेव्हिल खुर्चीतून अर्धे उठले. "हाच माझा हात!"

सगळ्यांनी कॅसेटकडे बघितलं. कॅसेट सरांच्या हातात होती. फीत महांतप्पाच्या गळ्यात होती. टेपरेकॉर्डर उलटा पडला होता. आणि ठेका चालूच होता. थप थप, थपाथप, थप.

आण्णासाहेब सावकाश उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. कस्तुराबाईंनी वर बघितलं आणि लगेच हात थांबवला.

"झालं, झालं. करते बंद. एवढ्या माणसांच्या भाकरी न्हाय केल्या तर..."

"कस्तुरा," आण्णासाहेबांनी काटवटीकडे बघत विचारलं. "ती कॅसेट भरली तवा तू कुठं व्हतीस?"

"हितंच की! बाहेरच्या खोलीत मामंजींची बैठक व्हती, म्हणून तुमी ते दोन डबे हितं आणून ठिवले. बटण दाबून बाहीर जाताना मला म्हणले, तोंडातून शब्द काडू नको. म्या न्हायच काडला! पर सरांची गाडी व्हती आन् ते जेवून जाणार व्हते. भाकरी कुणी करायच्या? बाजा चालू झाला की हात आपसूक त्याच्यासंगं जातो. चार भाकरीचं गाणं हाय ते."

मागून सर येऊन आण्णासाहेबांच्या कानाशी लागले. "आण्णा, काही बोलू नका. फ्लेक्स लागलाय. त्यांना ठेका ऐकू आला, ते खूश आहेत. कॅसेट वाजली असं समजू दे. पुस्तकात नाव येईल तुमचं!"

खरंच, किती सोपं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. ज्या वाक्यासाठी जन्म काढला ते वाक्य टीव्हीवरच्या त्या पोरीच्या ओठांवर येऊन थांबलं होतं. आण्णासाहेबांनी कस्तुराबाईंच्या पिठाच्या हातांकडे बघितलं. हेच हात त्यांनी दर रविवारी थांबवले होते, आणि थांबवून पलीकडच्या खोलीत ह्याच हातांची वाहवा केली होती. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"हर्षाली, मोबाईलवर घे त्यांना," ते म्हणाले. मग मोबाईल काटवटीसमोर धरला. "मॅडम, ठेका खरा हाय. पर तो तुमच्या बँडचा न्हाय. आमच्या मंडळींचा हाय. ही माझी बायको. भाकरी करायलीय."

पलीकडे सृष्टी पुढं वाकून काटवटीकडे बघत राहिली. मग नेव्हिल खाकरले.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "मला एवढं चांगलं कधीच जमलं नव्हतं."

सृष्टी हसायला लागली ती थांबेचना. अख्खा दिवाणखाना हसत होता. आण्णासाहेब मान खाली घालून म्हणाले, "तुमचा वेळ घेतला मॅडम. चूक झाली."

"अहो काका, कसली चूक? ठेका होताच की! गाण्यात तिथं काहीतरी हवं होतं हे बरोबर ऐकलंत तुम्ही. तुमचा कान अगदी खरा आहे. फक्त वाजवणारं माणूस ओळखलं नाहीत."

आण्णासाहेबांना वाक्य मिळालं. त्याला असं शेपूट असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"काकू, तुम्हाला आवडतो का हा अल्बम?" सृष्टीनं विचारलं.

"आवडतो की," कस्तुराबाई म्हणाल्या. "पर दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं हे कायम पळवत्यात. तेच समद्यात चांगलं हाय, हे दुकानात गेले की म्या लावून ऐकते. नव्या रेकॉर्डीत त्याचा बाजा लईच मागं सारलाय तुमी. जुन्यात फुडं व्हता."

सृष्टीचं हसू एकदम थांबलं. "काकू, हे... हे मलाही वाटत होतं. आमच्यात यावर भांडण झालं होतं."

"आगं, तू हे कधी बोललीच न्हाईस?" आण्णासाहेब चकित होऊन म्हणाले.

"तुमीच म्हणला व्हता, तोंडातून शब्द काडू नको."

दुसऱ्या दिवशी चौकात नवा फ्लेक्स लागला. कान गेला आणि काटवट आली. पुस्तकात नाव छापायचं ठरलंच, तेव्हा सृष्टीनं विचारून घेतलं की कस्तुराबाई एवढंच लिहायचं की आडनावासकट. गावात आता बगळा मंडळाला कुणी हसत नाही असं नाही, पण हसता हसता "आमाला बी एकदा ऐकवा की" असं म्हणणारे वाढलेत.

पुढच्या रविवारी कस्तुराबाई दिवाणखान्यात मधोमध पाटावर बसल्या. समोर काटवट, शेजारी शेगडी. मंडळाची चौथी सभासद म्हणून आणि खरं सांगायचं तर अध्यक्ष म्हणून. महांतप्पानं सुई उचलली.

"आता बगा हं," आण्णासाहेबांनी सरांना सांगायला सुरुवात केली, "तिसऱ्या गाण्यात गिटार थांबली की हिनं कसं..."

कस्तुराबाईंनी पिठाचा हात वर केला.

"अवो, आवाज बंद करा जरा. इथं महत्त्वाचं चाललंय."

आण्णासाहेब गप्प बसले आणि महांतप्पानं सुई टेकवली.